सडव्यात यीस्ट कोण टाकतं?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेकडे, बपेरा नावाचं गाव आहे. हा सगळा मुलूख झाडीपट्टीचा. धानाच्या बांध्या, जुनी तळी, आणि बांधावर, रानात, गावाच्या कडेला मोहाची झाडं. अशा गावात मोहाचा विषय निघाला की कुणीही विचारील असा एक साधा प्रश्न आहे. बेकरीवाला पावाच्या पिठात यीस्ट घालतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सुकी मोहफुलं पाण्यात भिजत घालून मडक्याचं तोंड बांधलं, की ते पाणी आपोआप फसफसायला लागतं, वास बदलतो, आणि चार-सहा दिवसांत गोडी जाऊन झिंग येते. त्यात कुणी काहीच टाकलेलं नसतं. मग हे यीस्ट आलं कुठून?

त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो. अमक्या गावच्या मोहाची चव न्यारी आणि पलीकडच्या गावची वेगळी, असं जाणते सांगतात. ते खरं, की ज्याचा त्याला अभिमान?

हे दोन प्रश्न फ्रान्समधले द्राक्षवाले पिढ्यान्‌पिढ्या विचारत आले आहेत, आणि त्यांच्या उत्तरांवर प्रयोगशाळांनी भरपूर मेहनत घेतली आहे. आपण मात्र सुरुवात मोहापासून करू. महाराष्ट्रात रानटी यीस्टचं काम जवळून पाहायचं, तर नाशिकच्या चकचकीत वायनरीपेक्षा पोलिसांच्या पंचनाम्यात ‘सडवा’ म्हणून नोंदलं जाणारं ते मडक्यातलं मिश्रण अधिक शिकवतं, असं माझं मत आहे. का, ते पुढे येईलच.

१. आधी फूल

मोहाची पानं झडलेली असतात तेव्हा, मार्च-एप्रिलात, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके लागतात. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. जे पडतं ते पूर्ण फूल नसतं. पाकळ्या एकमेकींना चिकटून तयार झालेली एक मांसल, पोकळ, फिकट पिवळी कुपी आणि तिच्या आत चिकटलेले पुंकेसर, एवढंच खाली येतं. बीजकोश झाडावरच राहतो. त्याचं पुढे फळ होतं आणि त्या फळातल्या बियांचं, म्हणजे टोळीचं, तेल काढतात. ती कुपी बोटांत दाबली तर दाट गोड रस निघतो. फूल असूनही वागणूक फळाची.

ही गोडी झाडाने माणसासाठी ठेवलेली नाही. रात्री वटवाघळं ती खायला येतात आणि जाता जाता परागीभवन करून जातात. खाली पडलेल्या फुलांवर अस्वलं, हरणं, गुरं ताव मारतात. बायका आणि पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन वेचायला निघतात. वेचणं सोपं जावं म्हणून काही जण झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात, आणि त्यातून पुष्कळदा वणवे लागतात. वनखात्याची ती जुनी डोकेदुखी आहे.

वेचलेली फुलं अंगणात, चटईवर, कधी सारवलेल्या जमिनीवर उन्हात टाकतात. काही दिवसांत पिवळी कुपी आक्रसून तांबूस-तपकिरी, चिवट आणि चिकट होते. आता ती महिनोन्‌महिने टिकते. त्या वाळवणावर वारा येतो, धूळ येते, माश्या आणि मुंग्या येतात, कोंबड्याही फिरून जातात. यातलं प्रत्येक जण काहीतरी ठेवून जातं. हे लक्षात असू द्या.

२. साखरेचा हिशोब

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. डोळ्यांना दिसत नाही. शंभर-दोनशे पेशी एका रांगेत ठेवल्या तर जेमतेम एक मिलिमीटर भरतो. तिला साखर मिळाली आणि हवा कमी पडली की ती साखर मोडून त्यातून आपली ऊर्जा घेते. उरतं ते दोन: मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड. फेस या वायूचा आणि झिंग मद्यार्काची.

व्यवहारातलं माप सोपं आहे. एका लिटरमधली साधारण १७ ग्रॅम साखर मोडली की एक टक्का मद्यार्क तयार होतो. वाईनच्या द्राक्षरसात लिटरला २२० ग्रॅमच्या आसपास साखर असते. २२० ला १७ ने भागा, उत्तर १३ येतं. बाटलीवर छापलेले १३ टक्के ते हेच.

आता सडवा. सुक्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. हिशोबासाठी निम्मी धरू. ५ किलो फुलं २० लिटर पाण्यात भिजवली, तर अडीच किलो साखर २० लिटरमध्ये, म्हणजे लिटरला १२५ ग्रॅम. १७ ने भागलं की सात टक्क्यांच्या थोडं वर. म्हणजे भट्टी लावण्याआधी मडक्यात जे असतं ते बिअरपेक्षा जरा कडक आणि वाईनपेक्षा हलकं असं पेय. ऊर्ध्वपातन करायचं नाही असं ठरवलं, तर त्याला मोहाची वाईन म्हणायला रसायनशास्त्राची काही हरकत नाही. कायद्याची आहे, ते शेवटी पाहू.

३. पाश्चरची काचघरं

यीस्ट येतं कुठून, या प्रश्नाचं पहिलं नीटस उत्तर लुई पाश्चर यांनी दिलं, आणि ते वादाच्या भरात दिलं. फ्रान्सचे थोर शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार १८७८ मध्ये वारले. त्यांच्या मागे राहिलेल्या टिपणांत असा सूर होता, की आंबणं द्राक्षाच्या रसातूनच उपजतं; बाहेरून कुठला जीव यायची गरज नाही. ती टिपणं छापली गेली आणि पाश्चर खवळले. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी भांडलो ती एक मित्र मेल्यावर खोडून काढतो, हे त्यांना सोसवलं नाही.

पूर्व फ्रान्समधल्या आर्ब्वा गावी पाश्चर यांचा द्राक्षमळा होता. त्यांनी काचघरं तयार करवून घेतली आणि द्राक्षं हिरवी असतानाच काही वेलींवर उभी केली. आतले काही घोस वर कापसातही गुंडाळले. ऑक्टोबरात द्राक्षं पिकली. उघड्या वेलींवरची द्राक्षं चुरडली, तर रस दोन दिवसांत आंबू लागला. काचघरातली, कापसातली द्राक्षं चुरडली आणि थांबले. रस तसाच राहिला. गोडच्या गोड. मग त्यांनी झाकलेले काही घोस तोडून बाहेरच्या वेलींवर टांगले. थोड्या दिवसांनी तेही आंबू लागले.

प्रयोगाची खुबी अशी, की यासाठी सुतार आणि काचवाला सोडून कुणी लागलं नाही. फळ पिकण्याच्या सुमारास यीस्ट बाहेरून त्याच्या सालीवर येतं, रसात ते आधीपासून नसतं, हे त्यातून सिद्ध झालं. मोहाच्या वाळवणावर वारा, माश्या आणि मुंग्या जे ठेवून जातात, ते हेच.

४. एकाच मडक्यात अनेक जण

मात्र ‘यीस्ट येतं’ म्हणताना एकच जीव डोळ्यांपुढे आणला तर गफलत होते. ताज्या रसात डझनभर जातींची यीस्ट असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या दिवशी जो थेंब पाहाल त्यात बहुतेक पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या, लिंबाच्या आकाराच्या दिसतील. या हान्सेनियास्पोरा कुळातल्या. फळाच्या सालीवर खरी वस्ती त्यांची. त्या झपाट्याने कामाला लागतात, सुरुवातीचा फेस त्यांचाच. त्यांच्याबरोबर आणखी काही जाती असतात. कुणी फळाचा वास वाढवतं, कुणी नेलपॉलिशसारखा उग्र वास.

पण या बहुतेकींना मद्यार्क सोसत नाही. चार-पाच टक्क्यांच्या पुढे त्या गळतात. मग थेंबात अंड्याच्या आकाराच्या, गोलसर पेशी दिसू लागतात. ही सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. बेकरीतलं यीस्ट, बिअरचं यीस्ट, वाईनचं यीस्ट, बहुतेक सगळी याच जातीची वेगवेगळी घराणी. तिचा डाव सरळ आहे. साखर दिसली की हवा असो-नसो, ती मद्यार्क तयार करते. त्या मद्यार्काने शेजारीपाजारी मरतात, ती स्वतः १३-१४ टक्क्यांपर्यंत तगते, आणि सगळं मडकं तिचं होतं.

गंमत म्हणजे सुरुवातीला ती नगण्य असते. समजा, रसाच्या एका मिलिलिटरमध्ये तिच्या फक्त ५० पेशी आहेत आणि दर तीन तासांनी त्या दुप्पट होतात. ५० च्या १००, १०० च्या २००, असं वीस वेळा दुप्पट केलं की आकडा पाच कोटींच्या वर जातो. वीस वेळा गुणिले तीन तास, म्हणजे ६० तास, अडीच दिवस. मडक्याला ‘खरा जोर’ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो, असं सडवा लावणारा सांगतो त्यामागे हाच गुणाकार आहे.

आणि हे अडीच दिवसच चवीच्या दृष्टीने महत्त्वाचे. शेवटी जिंकणारी सॅकॅरोमायसिस जवळजवळ सगळीकडे सारखीच जात. पण ती येईपर्यंत आधीच्यांनी काय काय करून ठेवलं, ते त्या त्या जागेवर ठरतं. उन्हाळ्यात भंडाऱ्याचा पारा ४० च्या वर जातो. युरोपातल्या थंड तळघरात ज्या जाती आरामात राहतात त्यांना ही धग झेपत नाही. इथे पिचिया कुद्रियावझेवीसारख्या उष्णता सोसणाऱ्या यीस्टला संधी मिळते. त्यातही मडकं सावलीत ठेवलं, अर्धं जमिनीत पुरलं, की पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरलं, यावर निकाल बदलतो. मातीच्या मडक्यातून पाणी पाझरून उडतं आणि आतलं मिश्रण थोडं गार राहतं. ड्रमला ही सोय नाही.

५. गांधीलमाशीच्या पोटात हिवाळा

इथे एक कोडं उभं राहतं. सॅकॅरोमायसिस सालीवर फार कमी असते हे आपण पाहिलं. किती कमी? १९९९ साली मॉर्टिमर आणि पोल्सिनेली या दोन संशोधकांनी द्राक्षं एकेक तपासली. अखंड सालीच्या हजार द्राक्षांतल्या जेमतेम एकावर ती सापडली. पण साल फाटलेल्या द्राक्षांत चारांतल्या एकात होती, आणि तिथे लाखांच्या हिशोबात. म्हणजे ती फळावर बसून राहत नाही; फळ फुटलं की कुणीतरी तिला तिथे आणून सोडतं.

कोण ते २०१२ साली इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी दाखवलं. गांधीलमाश्या पिकलेली द्राक्षं चावतात, रस पितात आणि यीस्ट पोटात घेऊन जातात. हिवाळ्यात बाकीच्या माश्या मरतात. राणी मात्र झाडाच्या सालीत दडून राहते आणि तिच्या आतड्यात यीस्टही जिवंत राहतं. वसंतात ती पोळं बांधते, अळ्यांना भरवते, आणि घासागणिक यीस्ट पुढच्या पिढीला मिळतं. पुढच्या हंगामात त्या माश्या पुन्हा द्राक्षांवर.

मोहाच्या रानात हिवाळा एवढा कडक नसतो, आणि इथे माश्या, मुंग्या, मधमाश्या, वटवाघळं असे अनेक वाहक आहेत. वाळवणावरही यीस्टची एक चाचणी होते. ऊन बऱ्याच पेशी मारून टाकतं. आक्रसलेल्या फुलात साखर इतकी दाट असते की साध्या पेशीतलं पाणी ती ओढून घेते. जे तगतं ते दाट साखर सोसणारं. मनुका, खजूर अशा सुक्या गोड फळांवर अशीच यीस्ट राहतात.

शिवाय माणूसही वाहक आहेच. मडक्याच्या छिद्रांत मागच्या खेपेचं यीस्ट बसलेलं असतं; ते घासून धुतलं तरी सगळं जात नाही. बऱ्याच ठिकाणी आधीच्या सडव्याचा तळातला गाळ नव्यात टाकायची चाल आहे. तेव्हा ‘कुणी काहीच टाकलेलं नसतं’ हे म्हणणं अर्धंच खरं. टाकलेलं असतं, पण पाकिटातून नाही.

६. पाकिटातलं विरजण

दूध उघडं ठेवलं तर तेही कधीतरी आंबेल. पण दही कसं लागेल याची शाश्वती नाही. म्हणून आपण कालच्या चांगल्या दह्याचं विरजण लावतो. वाईनवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हेच केलं. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्टचं पीक घेतलं आणि बिअरचा बिघडण्याचा त्रास आटोक्यात आणला. पुढच्या दशकात हर्मान म्युलर-थुर्गाऊ यांनी ती युक्ती वाईनकडे नेली. आज तेच यीस्ट सुकवून, हवाबंद पाकिटात, दाण्यांच्या रूपात मिळतं. शंभर लिटर रसाला २० ते ३० ग्रॅम. कोमट पाण्यात भिजवून टाकलं की मिलिलिटरला काही लाख पेशी पहिल्याच मिनिटाला हजर. अडीच दिवसांचा तो सगळा गलबला गाळून टाकला जातो.

महाराष्ट्रातली वाईन याच काळाची लेक. श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्राने स्पार्कलिंग वाईन सुरू केली. १९९७ च्या सुमारास राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सॉव्हिनियॉ ब्लां आणि शेनिन ब्लां लावली. २००० साली पहिली वाईन आली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं आणि पाठोपाठ वायनरी उभ्या राहिल्या. द्राक्षाची शेती मात्र अस्सल इथलीच: एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, जेव्हा युरोपातले वेल बर्फाखाली झोपलेले असतात. माती इथली, ऊन इथलं, छाटणी इथली. पण बहुतेक टाक्यांत पडणारं यीस्ट फ्रान्स, डेन्मार्क, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणच्या कंपन्यांच्या पाकिटातलं.

यात फसवणूक काही नाही. द्राक्षांना पैसे मोजलेत, टाकी स्टीलची आहे, बाटली ठरलेल्या चवीची हवी आहे. अशा वेळी रसात कोण येतंय याची वाट पाहत बसणं परवडत नाही. रानटी आंबवण अधेमधे अडून बसतं, साखर उरते, ॲसेटिक आम्ल वाढून व्हिनेगरचा वास येतो, कधी सडक्या अंड्याचा. जगातले काही नामांकित वाईनवाले हा धोका मुद्दाम पत्करतात. बेल्जियमची लँबिक बिअर बनवणारे तर गरम रस रात्रभर उघड्या हौदात ठेवतात आणि जे येईल ते येऊ देतात. पण त्यांच्या लाकडी पिंपांत आणि छताच्या तुळयांत पिढ्यान्‌पिढ्यांचं यीस्ट बसलेलं आहे. नव्या कोऱ्या वायनरीकडे ती पुंजी नसते.

७. बोंडू आणि माड

रानटी यीस्टचं देशी काम कायद्याने मान्य झालेलं पाहायचं तर गोव्याला जावं लागतं. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. उन्हाळ्यात त्याचे बोंडू, म्हणजे काजूची फळं, जमिनीवर पडतात, ते गोळा करून खडकात कोरलेल्या कोळमीत पायांनी तुडवतात. रस मडक्यांत, आता पुष्कळदा पिंपांत, दोन-तीन दिवस ठेवतात. यीस्टचं पाकीट नाही. जमिनीवरचे बोंडू, तुडवणाऱ्याचे पाय, कोळमीचा दगड, जुनी मडकी: जे काय ते यातूनच येतं. मग भाटीवर पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुन्हा भाटी लावून फेणी, साधारण ४२ टक्क्यांची. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचं पेय ठरवलं.

माडाची सुर, म्हणजे माडी, तर त्याहून चपळ. रेंदेर सकाळी माडावर चढून मडकं उतरवतो तेव्हाच ती फेसाळलेली असते, कारण मडक्याच्या आतल्या थरात कालचं यीस्ट आहे. हीच सुर घालून गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, पाव फुगवत, आणि सान्नांचं पीठ तिनेच वर येई. हल्ली बऱ्याच ठिकाणी पावात बेकरीचं यीस्ट पडतं. जुनी मंडळी म्हणतात, पावाला ती चव राहिली नाही. त्यांचं म्हणणं मी सहज उडवून लावणार नाही: यीस्ट तर बदललं आहेच.

८. गावाची चव: खरं किती?

आता दुसरा प्रश्न. आधी हे पाहू, की यीस्ट वास कसा घडवतं. एक तर ते स्वतः नवे पदार्थ तयार करतं. आम्ल आणि मद्यार्क जोडून बनणारे एस्टर त्यातले मुख्य. केळ्याचा, सफरचंदाचा, फुलांचा वास यांचा. दुसरं, ते कोंडलेला वास मोकळा करतं. सॉव्हिनियॉ ब्लां वाईनला येणारा पेरूचा आणि पॅशनफ्रूटचा वास द्राक्ष खाताना लागत नाही. तो द्राक्षात दुसऱ्या रेणूला बांधलेला असतो आणि यीस्ट ती गाठ सोडवतं. कुठलं घराणं किती गाठी सोडवील, हे वेगवेगळं.

२०१५ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाच्या गटाने यावर नेमका प्रयोग केला. देशातल्या सहा द्राक्षप्रदेशांतून सॅकॅरोमायसिसची रानटी घराणी गोळा केली. सॉव्हिनियॉ ब्लांचा एकच रस घेतला, त्यातले आधीचे जीव मारले, आणि प्रत्येक प्रदेशाचं यीस्ट वेगवेगळ्या भांड्यांत टाकलं. रस तोच, तापमान तेच. तयार वाईनमधले सुवासिक पदार्थ मोजले तेव्हा यीस्टचा प्रदेश आणि वाईनचा वास यांच्यात संबंध आढळला. त्याआधी, २०१४ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या संशोधकांनी नापा, सोनोमा अशा प्रदेशांच्या द्राक्षांवरच्या बुरश्या आणि जिवाणूंची वस्ती वेगवेगळी असल्याचं दाखवलं होतं.

तेव्हा गावाची चव ही थाप नव्हे. पण तिचा ढोल फार बडवू नये. न्यूझीलंडमध्ये सापडलेला परिणाम खरा असला तरी लहान होता. द्राक्षाची जात, ऊन, पाणी, काढणीचा दिवस, यांच्यापुढे यीस्टचा वाटा थोडकाच. आणखी एक अडचण: वायनरीत एकदा पाकिटातलं यीस्ट वापरलं की ते नळ्यांत, भिंतींत, पंपांत मुक्काम ठोकतं आणि पुढच्या वर्षीच्या ‘रानटी’ आंबवणीतही तेच जिंकू शकतं. पोर्तुगाल आणि फ्रान्समध्ये केलेल्या एका पाहणीत ही पाकिटी घराणी वायनरीपासून बहुतेक दोनशे मीटरांच्या आतच सापडली. म्हणजे रान अजून रानच आहे. परकं यीस्ट घरात घुसतं, शेतात फारसं टिकत नाही.

बपेऱ्याच्या मडक्याला ही अडचणच नाही. तिथे पाकीट कधी आलंच नाही. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, की नाशिकच्या बाटलीपेक्षा तुमसरच्या सडव्यात स्थानिक यीस्ट जास्त.

९. नवसागर, भट्टी आणि एक प्रयोग

‘पण त्यात नवसागर टाकतात, ते विष नव्हे का?’ हा प्रश्न हटकून येतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. यीस्टला साखरेबरोबर नायट्रोजनही लागतो, आणि मोहफुलात साखरेच्या मानाने तो थोडा. नवसागरातल्या अमोनियमपासून यीस्टला तो मिळतो आणि आंबवण अडत नाही. परदेशी वायनरीत याच कामासाठी डायअमोनियम फॉस्फेट घालतात आणि त्याला ‘यीस्टचं पोषण’ असं भारदस्त नाव देतात. म्हणजे सडवा लावणाऱ्याची समज चुकीची नव्हती. चूक होते ती मापात आणि मालात: कल्हईवाल्याच्या कामाचा, अशुद्ध नवसागर मुठीमुठीने टाकला जातो.

विषारी दारूचे बळी मात्र यीस्टमुळे जात नाहीत. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलने. ते कारखान्यातलं औद्योगिक रसायन होतं, कुठल्या मडक्यात आंबलेलं नव्हतं.

भट्टीत गावाची चव टिकते का? थोडी टिकते. एस्टर मद्यार्काबरोबर वाफ होऊन वर येतात, म्हणून पहिल्या धारेला फुलाचा वास असतो. साखर, रंग, जड आम्लं मागे राहतात. गाळ तळाला करपला तर धुराचा, जळका वास चढतो आणि यीस्टने अडीच दिवस केलेली सगळी कारागिरी त्याखाली दबून जाते. गावागावांतल्या चवीचा बराचसा फरक यीस्टपेक्षा या करपण्यात असावा, असा माझा संशय आहे.

संशय फेडायला फार काही लागणार नाही. बपेऱ्याच्या शिवारातली आणि पलीकडे बालाघाट जिल्ह्यातली अशी दोन ठिकाणची सुकी फुलं घ्यायची. दोन्हीकडच्या सडव्यातून यीस्ट वेगळं करायचं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, हे काम तिथलं रोजचं. मग तिसऱ्याच ठिकाणच्या फुलांचा एकच काढा करून तो उकळून निर्जंतुक करायचा, सारख्या भांड्यांत भरायचा, अर्ध्यांत इकडचं यीस्ट आणि अर्ध्यांत तिकडचं. काही भांडी ३० अंशांवर, काही ४० वर, कारण आपल्या एप्रिलला वगळून काढलेलं उत्तर आपल्या कामाचं नाही. न गाळता, न उकळता वास मोजायचे. आणि शेवटी दोन्ही गावांतल्या चार-चार जाणत्यांना, भांड्यावर नाव न लिहिता, चाखायला द्यायचं.

सीमेपलीकडे याला सरकारी आधारही मिळू शकेल. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला वारशाची दारू म्हणून मान्यता द्यायचं जाहीर केलं आणि पुढे आदिवासी बचत गटांकडून ती बनवून घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे १८९२ च्या मुंबई इलाख्यातल्या ‘म्हौरा ॲक्ट’ने ठाणे-कुलाब्यातली फुलंही कुलूपबंद केली होती. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने फुलं वेचणं, साठवणं, नेणं-आणणं यांवरचे निर्बंध उठवले, म्हणजे फुलं मोकळी झाली. सडवा झाला नाही. ती फुलं पाण्यात भिजत घालायची झाली, तर प्रयोगशाळेलाही आधी राज्य उत्पादन शुल्क खात्याची परवानगी काढावी लागेल.